वईतला अडुळसा: शेळी ज्याला तोंड लावत नाही, ते पान खोकल्यावर कसं चालतं

आमच्या परसाला भिंत नाही, अडुळशाची वई आहे. लग्न होऊन कराड तालुक्यातल्या या गावात आले तेव्हापासून ती तशीच बघते आहे. पुरुषभर उंच, दाट, उन्हाळ्यातसुद्धा हिरवी. दिवाळी झाली की माण-खटावकडची मेंढरं आमच्या रस्त्यानं खाली उतरतात. त्यांच्याबरोबरच्या शेळ्या म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक हिरव्या पानाचा काळ. बोर, बाभूळ, शेवरी, दिसेल ते ओरबाडतात. पण आमच्या वईपाशी शेळी थांबते, पानाला नाक लावते, फुर्रकन श्वास सोडते आणि पुढं जाते. एवढा कळप जाऊनही अडुळशाचा एक शेंडा कमी होत नाही.

शेळी ज्या कारणानं तोंड फिरवते, त्याच कारणानं माणूस हे पान औषधाला तोडतो. हे एकदा नीट समजलं की अडुळसा कशावर चालतो, कशावर चालत नाही आणि कुणाला देऊ नये, हे पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी कडूपणाचं बोलू.

झाडाला पळता येत नाही. किड्यानं कुरतडलं, जनावरानं चावलं तर त्याला जागेवर उभं राहूनच बचाव करावा लागतो. कुणी काटे काढतं, कुणी चीक, कुणी पानात कडू रसायनं साठवतं. अडुळशानं तिसरा मार्ग धरला. त्याच्या पानात अल्कलॉइड जातीची द्रव्यं असतात. त्यातलं मुख्य म्हणजे वासिसीन. हूपर नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८८८ साली ते पानांतून वेगळं काढलं. वासिसीन हे नाव आलं संस्कृत ‘वासा’ किंवा ‘वासक’ या शब्दावरून, म्हणजे अडुळशाच्याच जुन्या नावावरून. संस्कृतात त्याचं आणखी एक नाव आहे आटरूषक, आणि आपला ‘अडुळसा’ त्याच्याच कुळातला. शास्त्रीय नावात तर शेळीच येऊन बसली आहे. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली या झुडपाला ‘जस्टिसिया अधाटोडा’ म्हटलं. त्यातलं अधाटोडा म्हणजे तमिळमधलं आडातोडा. आडु म्हणजे शेळी, आणि तोडा म्हणजे न शिवणारी. आमच्या वईपाशी दरवर्षी घडतं तेच तमिळ माणसानं नावात बांधून ठेवलं होतं.

आता ओळख. हा भाग मी घाईनं उरकणार नाही, कारण आपल्याकडच्या वईंमध्ये अडुळशाच्या शेजारी काय काय उभं असतं ते बघितलं की काळजी वाटते. सातारा-सांगलीकडं बांधाला मोगली एरंड लावतात. त्याच्या बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होतात. शेर लावतात, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेततं. दारात कण्हेर असते, ती तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. तेव्हा ‘वईतली चार पानं आण गं’ असं लहान पोरीला सांगण्याआधी तिला अडुळसा दाखवलेला असावा.

अडुळशाची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीजोडीनं येतात. लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, टोकदार, साधारण वीतभर लांब. जिथं पानांची जोडी फुटते तिथं पेर थोडं फुगलेलं असतं. पान तोडलं की चीक येत नाही, ही मोठी खूण. कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन पानं असतात, ती जाड आणि चिवट असतात आणि मोडली की चीक येतो. अडुळशाचं पान चुरगाळलं की उग्र वास येतो. सुकलं की तोच वास चहाच्या पत्तीकडं झुकतो.

फूल आलं की मग शंकाच नको. थंडीत फांद्यांच्या टोकाला हिरव्या पानुल्यांची दाट कणसं येतात आणि त्यातून पांढरी फुलं बाहेर डोकावतात. एक फूल तळहातावर घेऊन बघा. त्याला दोन ओठ आहेत. वरचा ओठ टोपीसारखा वाकलेला, खालचा पसरट, आणि त्यावर जांभळट-गुलाबी रेघांची नक्षी. त्या रेघा घशाच्या आत, मधाकडं जातात. भुंग्याला उतरायला खालचा ओठ आणि वाट दाखवायला रेघा. काळा जाड भुंगा त्यावर बसला की फूल त्याच्या वजनानं खाली झुकतं, आणि त्याची पाठ वरच्या ओठाखालच्या परागांना घासून निघते. आ वासलेल्या या तोंडावरूनच अडुळशाला सिंहास्य, म्हणजे सिंहाच्या तोंडाचा, म्हटलंय. आमच्याकडची पोरं फूल उपटून मागच्या नळीतला मध चोखतात. सगळं झाड कडू आणि तेवढाच थेंब गोड.

फुलं गळल्यावर लहानशा गदेसारखी बोंडं धरतात. ती वाळून तडकतात तेव्हा आतल्या आकड्यांच्या जोरानं बिया उडतात. कोरांटीचंही तसंच, आणि कास-महाबळेश्वरकडच्या कारवीचंही. ही सगळी एकाच कुळातली भावंडं.

एक गोंधळ मात्र नेहमी होतो. ‘काळा अडुळसा’ नावाचं दुसरं झुडूपही कुंपणाला लावतात. त्याची पानं अरुंद आणि खोडं काळपट-जांभळट असतात. त्याची पानं पूर्वापार सांधेदुखीवर शेकायला वापरतात. तो नात्यातलाच आहे, पण खोकल्याचा अडुळसा तो नव्हे. खोकल्याला चालतो तो हा पांढऱ्या फुलांचा, रुंद पानांचा.

आता मुख्य प्रश्न. हे कडू पान छातीत जाऊन करतं काय?

आपल्या श्वासनळ्या आतून ओल्या असतात. त्यांच्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ही लव सारखी हलते, एकाच दिशेला, घशाकडं. नाकातोंडातून आत गेलेली धूळ, धूर, जंतू त्या चिकट थराला चिकटतात आणि लव त्यांना वर वर ढकलत आणते. आपण नकळत ते गिळून टाकतो. दिवसरात्र हे चालू असतं. गळितात पाचटाचा धूर असो, सांगलीकडं हळद पॉलिश करतानाची पिवळी धूळ असो, आपल्या छातीतला हा पाट तो गाळ वाहून नेत असतो.

सर्दी-पडसं झालं, जंतुसंसर्ग झाला की हा द्रव जास्त तयार होतो आणि घट्टही होतो. ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. काहिलीत ओतलेला उसाचा रस पाण्यासारखा पळतो. उकळून उकळून त्याची काकवी झाली की तीच धार जड होते, पळीला लोंबत राहते. छातीतल्या कफाची अशी काकवी झाली की खालची लव तिला ढकलू शकत नाही. मग शरीर शेवटचा उपाय करतं, जोरानं हवा सोडून ते उडवायला बघतं. तोच खोकला. कफ घट्ट असेल तर दहा वेळा खोकून एक बेडका निघतो आणि बरगड्या दुखायला लागतात.

अडुळशाचं काम इथं आहे. तो कफ पातळ करतो, म्हणजे काकवीचा पुन्हा रस करायला मदत करतो. शिवाय श्वासनळ्यांभोवतीच्या स्नायूंचा आवळलेला वेढा वासिसीननं सैल होतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून आपल्याकडं ‘अडुळशानं कफ सुटला’ म्हणतात, ‘खोकला थांबला’ म्हणत नाहीत. हा शब्द अगदी बरोबर जागी बसलाय. पहिल्या दिवशी अडुळसा घेतल्यावर खोकला वाढल्यासारखा वाटतो तेव्हा घाबरून जाऊ नका. साठलेलं बाहेर येत असतं.

यावरूनच हेही कळतं की कोरड्या ढासेला, नुसत्या घशाच्या खवखवीला अडुळशाचा फारसा उपयोग का नाही. सुटायला कफच नसेल तर तो सोडवणार काय? आयुर्वेदात अडुळसा कडू-तुरट, थंड, कफ आणि पित्त कमी करणारा सांगितलाय. नुसता दिला तर तो कोरडेपणा आणतो, म्हणून मधाबरोबर किंवा तुपात सिद्ध करून देतात. वासावलेह, वासाघृत, वासारिष्ट ही नावं औषधांच्या दुकानात आजही दिसतात.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं आजीबाईच्या बटव्यातलं आहे, त्यांनी घरातल्या खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत. ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल लिहिलेलं बऱ्याचदा सापडेल. वासिसीनची रासायनिक घडण समोर ठेवून, तिच्यात बदल करून जर्मनीत ब्रोमहेक्सिन बनवलं गेलं आणि १९६० च्या दशकात ते औषध म्हणून बाजारात आलं. ब्रोमहेक्सिन पोटात गेल्यावर शरीर त्याचं अँब्रोक्सॉल करतं. पुढं तेच वेगळं औषध म्हणून विकलं जाऊ लागलं. दोघांचं काम एकच, कफ पातळ करणं. आमच्या वईतल्या पानाचा वंश असा जगभरच्या औषधांच्या दुकानांत पोचलाय. मला याचा फार अभिमान वाटतो.

पण या अभिमानातच एक धोका आहे, आणि तो मी जवळून बघितलाय.

जुन्या वैद्यकात एक श्लोक आहे. त्याचा अर्थ असा: जगात वासा आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर रक्तपित्ताच्या, क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्यानं खचून का जावं? रक्तपित्त म्हणजे नाकातून, तोंडातून किंवा इतर वाटांनी रक्त जाण्याचे विकार. घोळणा फुटला की अडुळशाचा रस देण्याची चाल तिथूनच आलेली. श्लोक सुंदर आहे, आणि ज्या काळात तो लिहिला गेला त्या काळात क्षयावर दुसरं होतं तरी काय? फार जुनं कशाला, १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी आपल्या पाचगणीला क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं तेव्हाही डोंगरावरची कोरडी स्वच्छ हवा, सकस अन्न आणि विश्रांती हाच उपचार होता. क्षयाच्या जंतूला मारणारं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली.

आज तो श्लोक शब्दशः धरला तर माणूस दगावतो. आमच्या आळीतले एक तात्या गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसायचे. खोकला लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, धुराचा आहे. आमच्याच वईतून पानं जायची. काढा घेतला की कफ सुटायचा, दोन रात्री झोप लागायची, मग पुन्हा सुरू. असे तीन महिने गेले. तात्यांची पॅरण खांद्यावरून ओघळायला लागली तेव्हा त्यांच्या सुनेनं हट्टानं थुंकी तपासायला लावली. क्षय निघाला. तोवर घरातल्या नातवालाही लागण झाली होती. पानं मीच तोडून दिली होती. त्या तीन महिन्यांत ‘थुंकी तपासली का, तात्या?’ एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अडुळसा इथं खोटा ठरला नाही. त्यानं त्याचं काम केलं, कफ सोडवला. पण कफ का होतोय हे त्याला ठाऊक नसतं. आतला क्षयाचा जंतू तसाच राहतो, आणि खोकल्याला थोडा उतार पडल्यामुळं माणूस दवाखाना पुढं ढकलत राहतो. ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात असा एक अभ्यास १९९६ साली छापून आला होता. त्याचा हवाला देऊन ‘अडुळशानं टीबी बरा होतो’ असे मेसेज फिरतात. तो प्रयोग काचेच्या नळीतला होता, माणसाच्या फुप्फुसातला नव्हे. काचेच्या नळीत जंतू कशाकशानं मरतात. तेच औषध तेवढ्या मात्रेत माणसाच्या छातीत पोचतं का, हा पुढचा आणि फार मोठा प्रश्न असतो.

म्हणून आमच्या घरी आता नियम आहे. दोन आठवड्यांवर खोकला गेला, संध्याकाळचा बारीक ताप येतोय, वजन उतरतंय किंवा थुंकीत रक्ताचा ठिपका दिसला, की पान नाही, आधी थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते आणि औषधंही फुकट मिळतात. साध्या क्षयाचा उपचार निदान सहा महिने, एकही दिवस न चुकवता. त्या गोळ्या चालू असताना अडुळसा घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दुसरी गोष्ट गरोदर बाईची. वासिसीन श्वासनळीचा स्नायू सैल करतं, पण गर्भाशयाचा स्नायू मात्र आवळतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० आणि ८० च्या दशकांत यावर बरंच काम झालं आणि तिथं वासिसीनचा गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी व गर्भपातासाठीही अभ्यास झाला. बाळंतपणात अडुळशाचा लेप लावण्याची जुनी रीत होती, ती याच गुणाच्या अनुभवावर उभी असणार. म्हणजे गरोदर बाईला खोकला झाला म्हणून ‘घरचंच आहे, झाडपाल्यानं काय होतंय’ म्हणत काढा पाजणं चुकीचं आहे. बाजारातल्या अडुळशाच्या सिरपलाही हेच लागू. एवढी एक गोष्ट वाचणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या घरात सांगावी.

तान्ह्या बाळालाही नको. आणि एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध कुठल्याच औषधातून चाटवू नये, कारण मधात कधी कधी अशा जिवाणूचे बीजाणू असतात जे तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मधुमेह असेल तर सिरपमधल्या साखरेकडं बघा. आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेला मद्यार्क असतो, तोही ध्यानात ठेवा. दम्याला सुक्या पानांची विडी ओढायची जुनी रीत आहे. ती मला अजिबात पटत नाही. आवळलेल्या श्वासनळीत धूर सोडणं म्हणजे गाळानं भरलेल्या पाटात आणखी माती लोटणं.

आता एवढं सगळं सांगून झाल्यावर, मोठ्या माणसाच्या साध्या, छाती भरलेल्या पडशाला आमच्याकडं काय करतात ते सांगते.

अडुळशाचं ताजं पान नुसतं ठेचून पिळलं तर रस फारसा सुटत नाही, हात हिरवे होतात एवढंच. म्हणून जुन्या वैद्यांनी पुटपाक सांगितलाय. पानांचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा, दुसऱ्या मोठ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्याचीच सोपी तऱ्हा करतात. भाकरी झाल्या की तवा चुलीवर तसाच ठेवतात. सात-आठ जून पानं, कोवळी नव्हे आणि पिवळीही नव्हे, धुऊन फडक्यानं कोरडी करून तव्यावर पसरतात. वर झाकण. थोड्या वेळात पानांचा ताठपणा जातो, हिरवा रंग काळपट पडतो आणि घरभर उग्र वास सुटतो. तशीच गरम पानं खलात कुटून फडक्यातून पिळली की काळसर हिरवा रस येतो, साधारण दोन-तीन चमचे. त्यात तेवढाच मध. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात, ताज्या रसाची मात्रा १० ते २० मिलिलिटर दिली आहे. आत्या त्याहून कधी पुढं जात नाहीत, आणि तीन-चार दिवसांवर देतही नाहीत. ‘औषध हाय ते, सरबत न्हवं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जास्त झालं तर मळमळ, उलटी होते.

काढा करायचा तर सुकी पानं, ज्येष्ठमध, सुंठ आणि चार दाणे मिरी, पाणी निम्म्यावर येईपर्यंत मंद आचेवर. ज्येष्ठमध रक्तदाबवाल्यांनी टाळावं. पानं सावलीत वाळवावीत. उन्हात वाळवली की ती करपट तपकिरी होतात आणि हातात चुरा येतो.

औषधापलीकडंही हे झुडूप उपयोगी आहे. ज्या कडू द्रव्यांना शेळी कंटाळते त्यांना किडेही टाळतात, म्हणून फळं साठवताना खाली-वर अडुळशाचा पाला घालण्याची पद्धत देशात बऱ्याच ठिकाणी आहे. छाटणीचा पाला शेतात गाडला तर हिरवळीचं खत होतं. पानांपासून पिवळा रंगही निघतो. फुलांची भाजी करतात, पण कडसरपणा सोसणाऱ्यांनीच त्या वाटेला जावं.

लावायला याच्याइतकं सोपं झाड नाही. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की जून फांदीचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे करायचे, दोन पेरं मातीत आणि दोन वर राहतील असे तिरके खोचायचे, हातभर अंतरानं. वईच्या आतल्या बाजूला आणखी एक ओळ लावली तर दोन वर्षांत कोंबडीसुद्धा आरपार जात नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक पाणी, मग तेही नको. राखण मात्र पहिल्या दिवसापासूनच करावी लागत नाही. यंदा आम्ही ओढ्याकडच्या अंगाला साठ काटक्या खोचल्या, शेजारच्या शेळ्या रोज तिथूनच पाण्याला जातात, आणि सगळ्यांना पालवी फुटली आहे.